मंजूर मर्यादा आणि प्रत्यक्ष उचल

मंजुरी आणि उचल या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे बँकेचा प्रत्येक कर्मचारी व कर्जदार जाणतो. समजा, लखनौच्या कानपूर रस्त्यावरील सरोजिनी नगर परिसरातील एखाद्या लघुउद्योजकाला १० लाख रुपयांची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर झाली. पहिल्या महिन्यात त्याने २ लाखच उचलले. व्याज तेवढ्यावरच लागते. उरलेले ८ लाख त्याच्या नावाने तिजोरीत बाजूला काढून ठेवलेले नसतात.

संगणकाची कार्यप्रणालीही साठवणुकीच्या बाबतीत असाच व्यवहार करते. १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत घडलेल्या युनिक्समध्ये ही सोय होती आणि १९९१ साली जन्मलेल्या लिनक्सनेही ती स्वीकारली. डिस्कवरील जागा लहान ब्लॉकांत, बहुधा प्रत्येकी ४,०९६ बाइटच्या, विभागलेली असते. १० गिगाबाइटच्या फाईलला असे सुमारे २६ लाख ब्लॉक लागतात. मात्र जिथे काहीच लिहिलेले नाही, तिथे प्रणाली ब्लॉक देतच नाही. तो भाग वाचू गेल्यास ती केवळ शून्ये दाखविते. प्रथम लिहिताना मात्र खरा ब्लॉक खर्ची पडतो. अशा फाईलला ‘स्पार्स’, म्हणजे विरळ फाईल म्हणतात. तिची नोंदलेली लांबी आणि तिने व्यापलेली जागा यांत म्हणूनच मोठी तफावत आढळते.

लिनक्समधील ‘लूप डिव्हाइस’ अशी फाईल जणू स्वतंत्र डिस्कच आहे, असे उर्वरित प्रणालीला भासविते. तिच्यावर फाईलव्यवस्था उभारता येते, ती जोडता व काढता येते. एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक नांदतात, तेव्हा त्यांच्या डिस्कही बहुधा अशाच ‘मागाल तेव्हा देऊ’ या तत्त्वावर बेतलेल्या असतात.

धोका येथेच आहे. ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर प्रत्येकी १०० गिगाबाइटच्या दहा आभासी डिस्कचे आश्वासन सहज देता येते. परंतु सर्वांनी एकाच वेळी उचल केली, तर मूळ डिस्क भरते. आतील संगणकाला आपल्याकडे जागा शिल्लक आहे असेच वाटत असते. त्याचे लेखन मात्र अर्ध्यावर अपयशी ठरते आणि माहितीची हानी होऊ शकते. बँकेला तरलतेचे नियम बांधतात, अडचणीच्या वेळी रिझर्व्ह बँकेचा आधारही असतो. डिस्कच्या पाठीशी अशी कोणतीही रिझर्व्ह बँक उभी नसते.

आणखी दोन बाबी ध्यानी घ्याव्यात. कर्जफेड होताच खात्यातील मर्यादा पुन्हा मोकळी होते; आभासी डिस्कमधील फाईल पुसली, तरी तिची जागा आपोआप परत येत नाही, ती सोडल्याची सूचना खालच्या थरापर्यंत पोहोचावी लागते. तसेच, रिकामी जागा न ओळखणाऱ्या साधनाने प्रत काढली, तर ते शून्येही खरोखर लिहिते आणि छोटीशी फाईल पूर्ण आकाराची होऊन बसते. बॅकअप घेणाऱ्यांनी याची आधीच खातरजमा करावी.

उपाय बँकेच्या शिस्तीचेच आहेत: एकूण आश्वासने आणि प्रत्यक्ष शिल्लक यांचा नियमित ताळेबंद, जागा संपण्यापूर्वीच इशारा आणि महत्त्वाच्या कामासाठी आधीच राखून ठेवलेले खरे ब्लॉक. उधारीवरचा विस्तार लाभदायक असतो. मात्र त्याचा हिशेब रोजच्या रोज ठेवला, तरच.