कुत्र्याला घेऊन पत्रादेवी ओलांडताना

गणपतीची चवथ जवळ आली की पुण्या-मुंबईहून गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या वाटेला लागणाऱ्या गाड्यांत हल्ली मागच्या सीटवर कुत्राही दिसतो. मे महिन्यात इथली माणसं त्याला घेऊन घाटावर जातात. बॅगा आदल्या रात्री भरल्या तरी चालतं, पण कुत्र्याची तयारी किमान महिनाभर आधी आणि तीही जनावरांच्या डॉक्टरांकडे सुरू व्हायला हवी. बाकी सगळं त्यानंतर.

या तयारीत पहिली येते रेबीजची लस, आणि तिच्यामागे गोव्याने केलेलं एक मोठं काम आहे. २०१३ नंतर 'मिशन रेबीज' ही संस्था आणि राज्य सरकार यांनी गावोगाव फिरून, घरच्या कुत्र्यांना दारात आणि भटक्यांना जाळ्यात धरून लस टोचली. पुढे वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस मिळू लागली. २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला. २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. पण हा विषाणू तपासणी नाक्यावर थांबत नाही. पेडण्यात पत्रादेवी आणि डिचोलीच्या अंगाला दोडामार्ग ही राज्याची दारं आहेत, त्यामुळे इथून आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची लस ही सगळ्या गोव्याची बाब ठरते.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस देतात आणि तिचं पुरतं संरक्षण यायला तीन ते चार आठवडे लागतात. निघायच्या आदल्या दिवशी टोचलेली पहिली लस प्रवासात फारशी उपयोगाची नाही. मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यावर सापडलेलं पिल्लू उचलून थेट मुंबई-बंगळूरला नेणाऱ्या पर्यटकांनी हे आवर्जून लक्षात घ्यावं. त्यांची माया खरी असते, पण दीड महिन्याच्या, एकही लस न झालेल्या पिल्लाला दहा तास गाडीत बसवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं. ते इथेच कुणाकडे तरी सांभाळायला ठेवावं, लसी पूर्ण कराव्यात आणि मग न्यावं.

डॉक्टरांकडे गेल्यावर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लसही विचारावी, कारण पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून तो रोग कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. गोचिडींवरचं औषध तर आपल्याकडे बारमाही लागतं. सत्तरीत २०१५ मध्ये माकडताप पसरला आणि पुढच्या वर्षी दोडामार्ग भागातही. तो गोचिडींतून माणसाला होतो, म्हणून कोरड्या दिवसांत तिलारीकडच्या रानात, पाचोळ्यात कुत्र्याला मोकळं सोडू नये. प्रवासास योग्य असल्याचा दाखलाही त्याच भेटीत घ्यावा. प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत तो सांगितलेला आहे. त्याच नियमांनुसार उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी कुत्र्याला पाणी मिळायला हवं. आपल्या दमट हवेत मला चार तासही जास्त वाटतात. दर दोन तासांनी थांबावं.

मग येतो घाट. डिचोलीहून दोडामार्गमार्गे तिलारी घाट चढून चंदगडला निघा, नाहीतर पेडण्याहून बांदा, सावंतवाडी, आंबोली असे जा, वळणं चुकत नाहीत. कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेला ती झेपली नाहीत की कुत्रा लाळ गाळतो, जांभया देतो, ओकतो. पिल्लांना हा त्रास जास्त. पोटभर जेवण निघण्याच्या चार-सहा तास आधीच आटपावं. आधीचे दोन-तीन आठवडे त्याला रोज थोडं गाडीत बसवावं: आधी उभ्या गाडीत, मग बाजारापर्यंत, मग एखाद्या छोट्या घाटात. ज्याने गाडी फक्त इंजेक्शनसाठीच पाहिली, तो गाडीला घाबरणारच. एवढं करूनही उलटी होत असेल तर डॉक्टर कुत्र्यांसाठीचं औषध देतात. घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांना हात लावू नये, ती त्याला विषारी ठरू शकतात.

बसायची जागा मागे. छातीच्या पट्ट्याला सीटबेल्टची दोरी लावावी, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही, कारण अचानक ब्रेक लागला की सगळा हिसका मानेवर येतो. पुढच्या सीटवर एअरबॅगचा धोका असतो.

उन्हाबद्दल मात्र कितीही सांगितलं तरी कमीच. बाहेर ३२ अंश असताना बंद गाडीतला पारा दहा मिनिटांत चाळिशी ओलांडतो आणि अर्ध्या तासात पन्नासच्या आसपास जातो. काच बोटभर उघडी ठेवल्याने फरक पडत नाही. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि हवा दमट असेल तर धापाही अपुऱ्या पडतात. पग, शीह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे हाल सर्वांत आधी होतात. म्हणून हॉटेलात जेवायला सगळ्यांनी एकदम उतरू नये, पाळीपाळीने जावं. जीभ गडद लाल झाली, तोल जाऊ लागला तर सावलीत घेऊन साध्या पाण्याने भिजवावं, वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

आंबोलीला थांबाल तर दार उघडण्याआधी दोरी हातात घ्या. तिथल्या माकडांना पाहून शहाणा कुत्राही झेप घेतो. गळ्यात फोन नंबरची पट्टी हवीच. खाणं घरचंच द्यावं. कांदा, चॉकलेट आणि बेदाणे त्याला बाधतात, तेव्हा सुक्या मेव्याची पुडी पोरांच्या हातात असेल तर मागच्या सीटवर लक्ष ठेवा.

गावी पोचल्यावर वाड्यावरची कुत्री आधी अंगावर येतील. पहिले दोन दिवस दोरीशिवाय त्याला अंगणात सोडू नये. चवथीला आणि दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री फटाके, ढोल आणि मोठ्या आवाजाची गाणी असतात, तेव्हा आतली खोली, त्याची रोजची चादर आणि जवळ बसायला घरातलं कुणीतरी एक माणूस, एवढी सोय निघतानाच ठरवून ठेवावी.