यंदा हिवाळ्याला कुठे?

2022 च्या ऑक्टोबरात आम्ही डेट्रॉइटजवळ मुलाकडे उतरलो, तेव्हा शेजारच्या अंगणात बसएवढी एक गाडी उभी होती. मालक सत्तरीचे, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. गाडीत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणी, सगळा संसार! पानगळ सरली की हे जोडपं त्या मोटरहोममधून इंटरस्टेट 75 या हमरस्त्यानं फ्लोरिडा गाठायचं आणि एप्रिलात परतायचं. बर्फ चुकवून दक्षिणेला उतरणाऱ्या अशा निवृत्तांना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणतात. आम्हा आईबापांची सहा महिन्यांची वारी नेमकी उलटी, उन्हातून बर्फात. म्हणूनच की काय, आमची गट्टी जमली.

मला वाटायचं, चाकं आहेत, वाटेल तिकडे जावं. पण 28 सप्टेंबरला इयन हे चक्रीवादळ फोर्ट मायर्सच्या किनाऱ्यावर थडकलं होतं. फोर्ट मायर्स बीचवर समुद्र 10 ते 15 फूट चढला. सॅनिबेल बेटाचा रस्ता तुटला. शेजाऱ्यांची ठरलेली जागा याच पट्ट्यात. अकरा हिवाळे एकच नंबर, एकच शेजार.

अशी गाडी नुसती उभी करून भागत नाही. वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेली जागा पार्कमध्ये हंगामभर भाड्यानं घ्यावी लागते. परततानाच पुढल्या वर्षाचा ॲडव्हान्स भरून ठेवतात. खारं पाणी शिरलं की विजेच्या पेट्या निकामी. त्यात वादळांचा मोसम संपतो नोव्हेंबरअखेर, आणि पाहुणे निघतात त्याच सुमाराला. दुरुस्ती व्हायची कधी?

किनाऱ्यापासून आत, पाणी न पोचलेल्या पार्कांत त्यांनी चौकशी केली. तिथे विजेचे लाइनमन, ढिगारे उपसणारे कामगार आणि घरं गमावलेली कुटुंबं. ‘फेमा’ ही सरकारी आपत्ती-संस्था अशा कुटुंबांना ट्रेलर देते, आणि ते उभे करायला अशाच पार्कांतल्या जागा घेते.

एके दिवशी फोन आला, जानेवारीपासून एक जागा मोकळी होतेय. नवरा खूश. “आपण गेलो नाही तर तिथली हॉटेलं, दुकानं चालणार कशी? त्यांचं वर्षाचं पोट हिवाळ्यावरच.” बायको म्हणाली, “तीच जागा कुणाच्या ट्रेलरला हवी असेल तर? मला तिथे झोप लागणार नाही.” दोघं माझ्याकडे पाहू लागली. मी बँकेत हयात घालवलेला माणूस. मी विचारलं, “ॲडव्हान्स परत मिळाला का?” दोघं हसली. मिळाला होता.

नवऱ्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पाहुण्यानं जायचं ते यजमानाच्या डोक्यावर छप्पर आल्यावर, असं मला वाटलं आणि मी तसं सांगितलंही. त्यांनी जागा सोडली. जानेवारीत ते टेक्सासच्या रिओ ग्रँड खोऱ्यात गेले. ऊन मिळालं, पण पत्त्यांचा डाव जमला नाही. बाई फोनवर म्हणाल्या, “इथली माणसं चांगली आहेत हो. पण माझ्या ऑपरेशनच्या वेळी रोज सूप आणून देणारी ती ही नव्हेत.” जुन्या चौकडीतल्या दोन जोडप्यांनी तर गाड्याच विकून टाकल्या.

किनाऱ्यावरचे पार्क पुन्हा उभे राहणंही सोपं नाही. पूररेषेतल्या इमारतीचं नुकसान किमतीच्या निम्म्यावर गेलं, की ती नव्या नियमांनुसार उंचीवर बांधावी लागते. जुन्या पार्कांना हा खर्च झेपत नाही, बिल्डरला झेपतो. फोर्ट मायर्स बीचवरचा ‘रेड कोकोनट’ पार्क इयननं उद्ध्वस्त केला आणि 2023 मध्ये तो विकला गेला. मग 2024 साली 26 सप्टेंबरला हेलीन आणि 9 ऑक्टोबरला मिल्टन, तेरा दिवसांत दोन वादळं.

मिल्टननंतर मी फोन केला. गाडी अजून होती, धुऊन ठेवलेली. “नकाशा टेबलावर पसरलाय,” शेजारी म्हणाले, “मी ॲरिझोना म्हणतोय. पण ही त्या सूपवालीच्या फोनची वाट बघतेय. ती जाईल तिकडेच जायचं म्हणते.”