शेतकऱ्यांची यादी आणि तीन संगणक

वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे संगणक एकमेकांशी बोलतात, ते सारखे असतात म्हणून नव्हे. बोलण्याचे नियम आधी ठरलेले असतात म्हणून. या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. जयसिंगपूरशेजारच्या मिरज जंक्शनात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. एका गेजचा डबा दुसऱ्यावर चालत नसे, म्हणून माल उतरवून पुन्हा भरावा लागे. सुरुवातीला संगणकांच्या जाळ्यांचीही हीच गत होती. कंपनीगणिक जाळे निराळे. १ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेट या जाळ्याने टीसीपी/आयपी हा प्रोटोकॉल स्वीकारला. माहितीचे पत्ता लिहिलेले पुडके करून पाठवायचे, पाठवणाऱ्या संगणकात विंडोज आहे की युनिक्स हे वाटेत कोणी विचारायचे नाही, एवढी ही साधी तडजोड. आजचे इंटरनेट तिच्यावरच उभे आहे.

पण पिंग लागणे, म्हणजे दुसऱ्या संगणकाने हाकेला ओ देणे, वेगळे आणि फोल्डर उघडणे वेगळे. जयसिंगपुरातल्या एखाद्या छापखान्यात डीटीपीचे मशीन विंडोजवर, सर्व्हर लिनक्सवर आणि डिझाइनचे मशीन मॅकवर असेल, तर फाइल मागण्याची भाषाही एकच लागते. विंडोजची ती भाषा एसएमबी. तिचे तपशील बाहेरच्यांना पुरेसे खुले नव्हते. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास जाळ्यावरून जाणारी पुडकी टिपून, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर येते हे पाहत ती भाषा उलगडली. त्यातून लिनक्ससारख्या प्रणालींवर एसएमबी बोलणारे सांबा हे सॉफ्टवेअर तयार झाले. युरोपीय आयोगाच्या मायक्रोसॉफ्टवरील कारवाईनंतर डिसेंबर २००७ मध्ये सांबाच्या चमूला मायक्रोसॉफ्टची अधिकृत कागदपत्रे मिळाली. तोवर सोळा वर्षे हे काम निरीक्षणावर चालले होते, आणि लहान कार्यालयांना स्वस्त लिनक्स सर्व्हर वापरता आला तो या चिकाटीमुळे.

याहून वरचा थर अक्षरांचा. प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडपूर्वी फाइल उघडे, पण ती ज्या फॉन्टात टंकली तो नसलेल्या मशीनवर मजकुराची अगम्य चिन्हे होत. युनिकोडने तो त्रास बराच संपवला. तरी मराठीचे एक अक्षर अजून अडते: ‘ऱ’. युनिकोडमध्ये ते दोन प्रकारे लिहिता येते, एकच चिन्ह म्हणून किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली नावे साठवताना अशी अक्षरे फोडून ठेवी; विंडोज आणि लिनक्स ती टंकली तशीच ठेवतात. त्यामुळे विंडोजवर ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाने करून सर्व्हरवर ठेवलेली फाइल मॅकवरून फिरून लिनक्स सर्व्हरवर परतली, की तिथे एकाच नावाच्या दोन फाइली दिसू शकतात. डोळ्यांना फरक कळत नाही, सर्व्हरला मात्र कळतो. एक सुधारली जाते, दुसरी जुनीच राहते, आणि छपाईला जुनी जाऊ शकते.

२०१७ मध्ये मॅकवर आलेली एपीएफएस प्रणाली नावे दिली तशीच ठेवते. जुन्या डिस्क वापरात आहेत तिथे मात्र मॅकवरून सर्व्हरवर फाइली नेताना आरसिंक या फाइली हलवणाऱ्या साधनातला नावांचे रूप बदलून घेणारा पर्याय लावावा लागतो.