कर्करोग संशोधनामागील माणसे

डिचोली तालुक्यातील मांडवीकाठचे आमोणे हे बेताळाचे गाव म्हणून साऱ्या गोमंतकात प्रसिद्ध आहे. या गावाचा आणि मुंबईच्या परळ भागातील एका संशोधन संस्थेचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. परंतु आमोणे काय किंवा डिचोली-पेडण्याकडील दुसरे कोणतेही गाव काय, ‘त्यांना टाटाला नेले’ हे शब्द ज्याने ऐकले नाहीत असा माणूस तेथे विरळाच. पूर्वी पणजीच्या धक्क्यावरून आगबोटीने आणि आता कोकण रेल्वेने अनेक कुटुंबांनी आपल्या आजारी माणसासह हा प्रवास केला आहे. त्यामुळे ‘टाटा’ हा शब्द उच्चारताना आपला आवाज नकळत खाली येतो आणि ते अखेरचे ठिकाण होय, अशी समजूत होऊन बसते.

वस्तुतः या संस्थेत रुग्णसेवेच्या बरोबरीने संशोधनाचे मोठे कार्य आठ दशकांहून अधिक काळ चाललेले आहे. ते कार्य उभारणाऱ्यांत आपल्या परिसरातील माणसेही होती, आणि गोमंतकातील खेडुतांनीही अशाच संशोधनास हातभार लावलेला आहे. या माणसांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दुःखातून उभे राहिलेले रुग्णालय

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढच्याच वर्षी दोराबजीही निवर्तले. मात्र तत्पूर्वी या रोगाच्या संशोधनास साहाय्य करण्यासाठी त्यांनी पत्नीच्या स्मरणार्थ एक न्यास स्थापन केला होता. त्यांच्या नावाच्या दुसऱ्या न्यासाने पुढे मुंबईत कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय बांधले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन झाले.

ज्या रस्त्यावर हे रुग्णालय उभे आहे, त्यास आज डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्ग म्हणतात. डॉ. बोर्जेस हे मूळचे गोमंतकीय. कर्करोगाचे निष्णात शल्यविशारद म्हणून त्यांनी आपली हयात याच रुग्णालयात वेचली. परळच्या त्या रस्त्यावरून जाणाऱ्या गोमंतकीय रुग्णास हे ठाऊक असल्यास परकेपणा थोडा तरी कमी वाटेल.

खानोलकरांची प्रयोगशाळा

रुग्णालयाच्या प्रारंभीच तेथील प्रयोगशाळा व संशोधन यांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. खानोलकर हे आडनाव पेडण्यापलीकडील वेंगुर्ले तालुक्यातील खानोली या गावावरून पडलेले आहे. १८९५ साली जन्मलेल्या डॉ. खानोलकरांनी लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील उच्च पदवी संपादन केली होती. परदेशातून परतल्यावर त्यांनी मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले.

विकृतिशास्त्र म्हणजे रोगामुळे शरीरात होणाऱ्या बदलांचे शास्त्र. संशयास्पद गाठीचा किंवा व्रणाचा लहानसा तुकडा काढून तो मेणात बसवितात, त्याचे अतिशय पातळ काप घेतात, ते रंगवितात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निरोगी पेशी शिस्तीने रचलेल्या दिसतात. कर्करोगाच्या पेशी बेसुमार वाढलेल्या, वेड्यावाकड्या आकाराच्या आणि शेजारच्या भागात घुसलेल्या आढळतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही आपल्याकडील सर्वसाधारण समजूत निराधार आहे. रोगाचे निश्चित निदान बहुधा या तपासणीनेच होते.

डॉ. खानोलकर केवळ निदान करून थांबले नाहीत. रुग्ण कोठला, कोणत्या समाजातला, काय खातो, तंबाखू ओढतो की चघळतो, याच्या नोंदी त्यांनी ठेवविल्या. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे तोंडाचा व घशाचा कर्करोग अधिक का, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. या कामी त्यांना संख्याशास्त्र व आनुवंशिकता यांचे अभ्यासक डॉ. एल. डी. संघवी यांच्यासारखे सहकारी लाभले. १९५५ मध्ये या दोघांनी आणखी एका सहकाऱ्यासह ब्रिटनमधील प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. रुग्ण व निरोगी माणसे यांच्या सवयींची तुलना करून, तंबाखू चघळण्याचा व ओढण्याचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी दाखवून दिला. विकृतितज्ज्ञाचे निदान, संख्याशास्त्रज्ञाचे गणित आणि रुग्णांनी दिलेली खरी उत्तरे यांपैकी एकही नसते, तर हा निष्कर्ष हाती आला नसता.

१९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले व डॉ. खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

कमल रणदिवे व त्यांच्या सहकारी

या केंद्राच्या जडणघडणीत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. कमलताईंचे शिक्षण हुजूरपागेत व पुढे फर्ग्युसनमध्ये झाले. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या, टाटा रुग्णालयात काम करू लागल्या आणि डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

त्यानंतर त्या अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचपात्रात जिवंत पेशी वाढविण्याचे तंत्र तेथे विकसित होत होते. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी अखंड वाढू लागल्या आणि पुढे जगभरच्या संशोधनास उपयोगी पडल्या. त्या स्त्रीची संमती मात्र कोणी विचारली नव्हती. आज संशोधनात सहभागी करून घेण्यापूर्वी रुग्णास सर्व समजावून सांगणे व त्याची संमती घेणे आवश्यक मानले जाते. हा आपला हक्क प्रत्येक रुग्णाने जाणून असावे.

मायदेशी परतल्यावर कमलताईंनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी अभ्यासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची जबाबदारी सांभाळली. १९७३ साली भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. याच संस्थेत डॉ. सत्यवती शिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने कर्करोगाच्या पेशींचा अंतर्भाग अभ्यासला. आपल्या शाळांतील विज्ञानाच्या शिक्षकांनी ही नावे मुलींना आवर्जून सांगावीत.

गोमंतकाच्या खेड्यांत

संशोधन केवळ प्रयोगशाळेत होत नाही. मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. त्यातील डॉ. फली मेहता, आर. बी. भोसले, पी. आर. मूर्ती व पी. सी. गुप्ता या संशोधकांनी गोमंतकातील ५,४४९ खेडुतांची तोंडे तपासली. त्यांचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता धुमटी. तंबाखू फणसाच्या पानात गुंडाळून केलेली ही विडी जुन्या मंडळींना परिचित आहे. कित्येक जण, विशेषतः स्त्रिया, धुमटीचे पेटते टोक तोंडात धरून ती ओढीत असत. अशाने टाळूस सतत धग व धूर लागतो आणि कर्करोगाची पूर्वलक्षणे तेथे दिसू लागतात.

परक्या डॉक्टरांसमोर तोंड उघडून आपली सवय सांगणे त्या काळच्या वृद्ध स्त्रियांना सोपे गेले नसावे. तरीही त्यांनी ते केले. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. परंतु त्यांच्याशिवाय हा अभ्यास झालाच नसता.

याच संशोधकांनी एर्नाकुलम, भावनगर व श्रीकाकुलम या जिल्ह्यांत तंबाखूचे सेवन करणाऱ्या ३६,००० लोकांना प्रत्यक्ष भेटून सल्ला दिला. त्यामुळे सवय सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि पूर्वलक्षणे नव्याने उद्भवण्याचे प्रमाण घटले, असे १९८६ मध्ये जाहीर झाले. गोमंतकात कर्करोग शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांनी तंबाखूविरोधी चळवळ नेटाने चालविली. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान व थुंकणे यांस प्रतिबंध करणारा कायदा गोव्याने १९९७ मध्येच केला.

आजचे स्वरूप

टाटा रुग्णालय १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले. १९६६ मध्ये रुग्णालय व कर्करोग संशोधन संस्था एकत्र होऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. संशोधनाची शाखा २००२ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे हलली. २०१२ पासून देशभरातील कर्करोग रुग्णालयांना जोडणारे राष्ट्रीय जाळे उभारले जात आहे. रुग्णास शक्य तेथे आपल्या घराजवळच समान दर्जाचे उपचार मिळावेत, हा त्यामागील हेतू होय.

आपला वाटा

एवढ्या माणसांच्या श्रमातून जे ज्ञान मिळाले, ते आपल्या घरात पोहोचले नाही, तर त्याचा उपयोग काय? तोंडात पांढरा किंवा तांबडा चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंड उघडण्यास त्रास, स्तनात किंवा मानेत गाठ, अवेळी रक्तस्राव यांपैकी काहीही आढळल्यास नजीकच्या आरोग्य केंद्रात दाखवावे. अशी प्रत्येक खूण कर्करोगाचीच असते असे नाही. परंतु ती तपासून घेणे अगत्याचे आहे. रोग लवकर कळल्यास उपचार सोपे होतात व बरे होण्याची शक्यता पुष्कळच वाढते.

ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्यसेविका यांनी हा विषय देवळाच्या मंडपात आणि महिला मंडळाच्या बैठकीत मोकळेपणाने मांडावा. घरातील आजीच्या तोंडातील चट्टा लाजेपोटी लपून राहू नये. ज्या स्त्रियांनी पूर्वी डॉक्टरांसमोर तोंड उघडण्याचे धैर्य दाखविले, त्यांच्याच नाती आज गावोगावी नांदत आहेत. तपासणीसाठी पहिले पाऊल टाकणे त्यांना जड जाऊ नये.