वाळूत उमटलेली अक्षरं

भंडाऱ्यात पितळेच्या भट्टीपाशी उभं राहिलं की आधी नजर जाते धुराकडे. मोडीची भांडी मुशीत वितळली आणि रसावरून पांढरा धूर उठू लागला, की कारागिराची घाई सुरू होते. तो धूर जस्ताचा. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, तर जस्त ९०७ अंशांनाच उकळू लागतं. ताव जास्त झाला की जस्त उडून जातं आणि पितळेला तांबूसपणा येतो.

ओतकामासाठी दोन चौकटींमध्ये दमट वाळू ठासतात. वाळू दाबण्याआधी फर्म्यावर कोळशाची भुकटी भुरभुरतात, म्हणजे तो सुटताना कड मोडत नाही. चौकटी उघडून फर्मा अलगद उचलला, की वाळूत त्याचा हुबेहूब ठसा राहतो. आता घाई चालत नाही. नखाएवढी वाळू ढासळली तरी ती जागा पितळेत तशीच उतरते.

सुंग यिंगशिंग या चिनी लेखकाने १६३७ साली छापलेल्या ग्रंथात नाणी ओतण्याची हीच रीत दिली आहे: लाकडी चौकटी, बारीक माती, कोळशाची पूड. दाबायची ती मात्र कोरून तयार केलेली ‘मातृनाणी’. पुढे चीनच्याच कांगशी बादशहाच्या (कारकीर्द १६६१–१७२२) नाण्यावर चार चिनी अक्षरं असतात. वर-खाली राजवटीचं नाव, उजवी-डावीकडे ‘चलनी द्रव्य’ अशा अर्थाचे शब्द. पेकिंगच्या नाण्यांवर मागे टाकसाळीचं नाव मांचू लिपीत. १६८४ पासून साठ भाग तांबं, चाळीस भाग जस्त असं प्रमाण होतं.

आपल्याकडे भांडं पूर्ण झाल्यावर त्यावर नाव घालतात आणि अक्षर चुकलं तर कारागीर सावरून घेतो. ओतीव नाण्यात ती सोय नाही. अक्षराची एकेक रेघ आधी वाळूत नीट उमटावी लागते. मला या कामाचा खरा कस तिथेच दिसतो. या नाण्यांच्या मधोमध असलेलं चौकोनी भोकही कामाचं. शेकडो नाणी एका चौकोनी दांडीत ओवली की ती फिरत नाहीत, आणि सगळ्यांच्या कडा एकदम कानसता येतात.

पितळ थंड होताना आकसतं. म्हणून मातृनाणं चलनातल्या नाण्यापेक्षा किंचित मोठं ठेवावं लागे. खोटी नाणी पाडणारे बाजारातलंच नाणं वाळूत दाबत. साहजिकच त्यांचं नाणं लहान, हलकं आणि पुसट अक्षरांचं निघे. आजही जाणकार व्यास मोजतात, वजन करतात आणि मग भिंगातून अक्षरांच्या कडा पाहतात.