नाडी कधीपासून घट्ट झाली?

आशाताईंच्या पिशवीत सी-बॅकचा फॉर्म असतो आणि मोजायची टेप. तिशीपुढच्या प्रत्येकाकडून हा फॉर्म भरून घ्यायचा. तंबाखू, दारू, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का. बायकांना स्तनातली गाठ, पाळी गेल्यावरचा रक्तस्राव, अंगावरून जाणं. सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कर्करोग धरले आहेत. अंडाशयाचा नाही.

ही हयगय नव्हे. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांहून जास्त बायकांवर सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी वर्षानुवर्षं करून पाहिली गेली. २०२१ साली निष्कर्ष आला: काही त्रास नसलेल्यांच्या अशा तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. मग हातात उरतं ते नीट विचारणं. धरणगाव तालुक्यात एका आशाताईंबरोबर घरोघर फिरताना मी ते विचारणं पाहिलं.

कंबरेचा घेर मोजतात तो मधुमेहाच्या धोक्यासाठी. पण टेप लावताना पदर बाजूला होतो, परकराची नाडी दिसते, आणि फॉर्मवर नसलेला प्रश्न ताई तिथेच विचारतात. "मावशी, नाडी कधीपासून घट्ट व्हायला लागली?"

मावशींचे दंड सुकलेले, गालफडं बसलेली, पोट मात्र पुढे. "गॅस शे, बाकी काही नही. दोन घास खादात का पोट भरी जास." ओवा झाला, सोडा झाला, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्याही झाल्या. कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर कुणाची दुखत नाही? अंडाशयाचा कर्करोग लपतो तो इथेच. पोट फुगणं, अर्ध्या भाकरीत जेवण संपणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला सारखं लागणं: यातलं एकही लक्षण बाईला दवाखान्याची वाट धरायला लावत नाही.

ओळखायचं ते सातत्यावरून. गॅस येतो आणि जातो. या कर्करोगाचा त्रास अलीकडे, वर्षाच्या आत सुरू झालेला असतो आणि महिन्यातले बाराहून जास्त दिवस पाठ सोडत नाही. म्हणून ताई "त्रास होतो का?" एवढ्यावर थांबत नाहीत. "मागच्या बाजारापासून या बाजारापर्यंत किती दिवस जेवण गेलं नाही?" असं विचारतात. आठवड्यात तीन-चार दिवस निघाले, की चिठ्ठी लिहितात.

"पिशवी काढली, आता मला कसला कर्करोग!" हे उत्तर मला फार काळजीचं वाटतं. गर्भाशय काढताना अंडाशयं ठेवलेली असू शकतात. ऑपरेशनचे कागद पाहिल्याशिवाय ते कळत नाही, आणि कागद बहुतेक घरांत सापडत नाहीत. गर्भाशयमुखाची तपासणी चांगली आली, तरी त्यातून अंडाशयाचं काही समजत नाही.

पुढे ग्रामीण रुग्णालय, सोनोग्राफी, सीए-१२५. हा आकडा ३५च्या वर गेला म्हणजे कर्करोगच, असं नाही. पोटाच्या क्षयरोगात, एंडोमेट्रिओसिसमध्ये, पाळीच्या दिवसांतही तो वाढतो. उलट, सुरुवातीच्या कर्करोगात तो नॉर्मल असू शकतो. त्यामुळे नुसत्या रिपोर्टवर घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये. आजार अंडाशयापुरता असताना सापडला, तर दहांपैकी सुमारे नऊ जणी पाच वर्षांनंतरही हयात असतात. बहुतेकींचा मात्र पोटभर पसरल्यावरच कळतो, आणि तोवरचे काही महिने गॅसच्या गोळ्यांत गेलेले असतात.

घरात कुणाला कर्करोग होता का, यावर बायका आई, बहीण, मावशी आठवतात. पण या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकांतला दोष बापाकडूनही येतो. ताईंनी विचारलं, "आणि आत्या कशानं गेली?"

"पोटमा पाणी व्हयेल व्हतं."

पोटात पाणी लिव्हरच्या आजाराने होतं, क्षयानेही होतं. त्यावरून निदान करता येत नाही. ताईंनी तरी ते चिठ्ठीवर लिहिलं आणि मावशींना बजावलं, की डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आत्याचं आपण होऊन सांगायचं.