मोटारीचा लाकडी सांगाडा

शारजा हे नाव ऐकले, की क्रिकेटची आठवण होते. २२ एप्रिल १९९८ रोजी शारजाच्या मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा सामना चालू होता. मध्येच वाळूचे वादळ आले. खेळ थांबला. वादळ शमले, तेव्हा सचिन तेंडुलकर पुन्हा मैदानात उतरला. त्या दिवशी त्याने १४३ धावा काढल्या.

मुलांनो, त्याच शारजात पाहण्यासारखी आणखी एक जागा आहे. आज आपण तिच्यापासून सुरुवात करू.

शारजा हे संयुक्त अरब अमिरातीतील एक शहर आहे. नोकरी-व्यवसायासाठी गेलेली अनेक मराठी कुटुंबेही तेथे राहतात. शहराच्या विमानतळाजवळ जुन्या मोटारींचे एक संग्रहालय आहे. ते २००८ साली सुरू झाले. तेथे सुमारे शंभर जुन्या मोटारी मांडून ठेवल्या आहेत. त्यांचा रंग चकचकीत आहे. दिवे मोठ्या डोळ्यांसारखे दिसतात. वाटते, किल्ली फिरवावी आणि निघावे!

अशी जुनी मोटार पाहिली, की आपण म्हणतो, "केवढी ही लोखंडी गाडी!" पण त्या काळातील कितीतरी मोटारी केवळ लोखंडाच्या नव्हत्या. वरून पत्रा दिसे, पण पत्र्याच्या आत असे लाकूड.

मोटारीत लाकूड कसे आले?

मोटारी येण्यापूर्वी लोक घोडागाडीतून प्रवास करीत. घोडागाड्या सुतार बनवीत. पुढे इंजिन आले. चाके, इंजिन आणि त्यांना धरून ठेवणारी पोलादी चौकट यांना मिळून चॅसी म्हणतात. चॅसी कारखान्यात तयार होई. पण तिच्यावर माणसांनी बसायचे कोठे? त्यासाठी बॉडी हवी. ती बनवण्याचे काम घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिरांकडेच आले. त्यांना लाकडाचे काम उत्तम येत होते. म्हणून त्यांनी आधी लाकडाचा सांगाडा उभारला आणि मग त्यावर पत्रा ठोकला.

आपल्या शरीरात हाडे असतात आणि त्यांवर त्वचा असते. तसेच हे होते. लाकूड म्हणजे हाडे आणि पत्रा म्हणजे त्वचा.

अमेरिकेतील फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात टी मॉडेल नावाच्या दीड कोटी मोटारी बनवल्या. त्यांच्या बॉडीतही लाकूड असे. लाकूड इतके लागे, की कंपनीने १९२० च्या सुमारास मिशिगन राज्यात स्वतःची जंगलेच विकत घेतली. डॉज कंपनीने मात्र १९१४ पासूनच पोलादी बॉडीच्या मोटारी बनवण्यास सुरुवात केली. हळूहळू इतर कंपन्याही पोलादाकडे वळल्या. तरी इंग्लंडमधील मॉर्गन कंपनी आजही काही मोटारींचा सांगाडा लाकडाचा करते.

आपल्या महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर एसटीची पहिली बस धावली. त्या बसची बॉडी लाकडी होती. आसने काथ्याची होती.

लाकूड का बिघडते?

लाकूड हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा वाढला, की ते फुगते. ओलावा कमी झाला, की ते आकसते. पावसाळ्यात आपल्या घराचे दार घट्ट बसते आणि उन्हाळ्यात सैल होते, ते यामुळेच.

शारजात समुद्राकाठची हवा दमट असते. शहराबाहेर वाळवंटाची हवा कोरडी असते. उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढते. अशा हवेत लाकूड पुन्हा पुन्हा फुगते आणि आकसते. त्यामुळे सांधे ढिले होतात. जुना सरस सुटतो. पाणी पत्र्याच्या आत झिरपले, तर ते खाली साचते. तेथे लाकूड कुजते आणि खिळे गंजतात. कोठे वाळवी लागते.

हे सारे पत्र्याआड घडते. वरून मोटार सुंदरच दिसते! पण दरवाजा लावू लागले, की तो नीट लागत नाही. कधी तो खाली लोंबतो. दरवाजाच्या बिजागरीचे स्क्रू लाकडात बसवलेले असतात. लाकूडच कुजले, तर स्क्रू कशाला धरून राहणार? चालत्या गाडीचा दरवाजा उघडला, तर आतील माणसाच्या जिवावर बेतेल. म्हणून सांगाडा नीट करणे हे केवळ शोभेचे काम नाही.

दुरुस्ती कशी करतात?

चांगला कारागीर कामाला घाई करीत नाही. तो आधी छायाचित्रे घेतो. प्रत्येक भागाची मापे वहीत लिहितो. मग दरवाजाच्या मोकळ्या जागेत आडव्या-तिरप्या पट्ट्या ठोकतो. कुजलेला खांब काढल्यावर बॉडी वाकू नये, यासाठी हा आधार असतो.

नंतर तो पत्रे हळूहळू सोडवतो. प्रत्येक पत्र्यावर आणि लाकडावर क्रमांक घालतो. लाकूड चांगले की वाईट, हे ओळखण्याची त्याची युक्ती सोपी आहे. तो दाभण घेऊन लाकडाला टोचून पाहतो. दाभण सहज आत गेले, तर लाकूड कुजले आहे. दाभण अडले, तर लाकूड शाबूत आहे.

आता कुजलेले लाकूड बाहेर निघते. ते काळे पडलेले असते. हातात धरले, तर भुगा होतो. तुम्हांला वाटेल, हे फेकून द्यावे. नवशिक्या माणसाला असेच वाटते. पण जाणता कारागीर म्हणतो, "थांबा! यातला एक तुकडाही टाकू नका."

असे का बरे? मोटारीचा सांगाडा सरळ पट्ट्यांचा नसतो. प्रत्येक तुकड्याला वेगळा बाक असतो. मोटार बनवणारे कारागीर आता हयात नाहीत. त्यांची चित्रे बहुधा मिळत नाहीत. मग नवा तुकडा कोणत्या आकाराचा करायचा, हे कोण सांगणार? तो कुजलेला तुकडाच सांगणार! एका बाजूचा तुकडा अगदीच नाहीसा झाला असेल, तर दुसऱ्या बाजूच्या तुकड्यावरून उलटे माप घेतात. डावा हात आणि उजवा हात जसे आरशातल्यासारखे सारखे असतात, तसेच मोटारीचे दोन्ही खांब सारखे असतात.

नव्या तुकड्यासाठी लाकूडही विचार करून निवडतात. इंग्लंड-अमेरिकेत यासाठी ॲश नावाच्या झाडाचे लाकूड वापरीत. ते मजबूत असून लवचीक असते. धक्का बसला, तरी पटकन तुटत नाही. क्रिकेटच्या यष्ट्याही याच लाकडाच्या करतात. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकासाठी बाभळीचे चिवट लाकूड वापरतात, तसेच हे.

लाकडात उभे तंतू असतात. बाकदार तुकडा सरळ फळीतून कापला, तर बाकाच्या जागी तंतू तुटतात. मग तो तुकडा तेथेच मोडतो. म्हणून लाकूड वाफेत ठेवतात. एक इंच जाडीच्या लाकडाला साधारण एक तास वाफ लागते. वाफेने लाकूड मऊ होते. ते लगेच साच्यावर वाकवून घट्ट बांधतात. सुकल्यावर बाक कायम राहतो आणि तंतूही अखंड राहतात.

मग सांधे जुळवतात. एका तुकड्याला खाच पाडतात. दुसऱ्याचे टोक त्या खाचेत बसेल असे कोरतात. या टोकाला सुतार कुसू म्हणतात. सांधा सरस लावून पक्का करतात. जेथे जुने लाकूड चांगले असेल, तेथे ते तसेच ठेवतात आणि कुजलेल्या भागापुरताच नवा जोड देतात. जुन्या लाकडावर कधी कधी पहिल्या कारागिराने घातलेला क्रमांकही सापडतो. तो पुसून कसे चालेल?

दोन कर्णांची परीक्षा

सांगाडा तयार झाला, तरी पत्रा लगेच ठोकत नाहीत. आधी त्याची परीक्षा घेतात. चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरतात. मग उरलेल्या दोन कोपऱ्यांमध्ये तीच दोरी धरतात. आयताचे दोन्ही कर्ण सारखे असतात. दोरी कमी-जास्त झाली, तर चौकट तिरकी आहे असे समजावे. सांगाडा चॅसीवर बसवून दरवाजे लावून पाहतात. दरवाजा एका बोटाने ढकलला आणि अलगद लागला, म्हणजे काम साधले. मगच पत्रा आणि सर्वांत शेवटी रंग!

गलबत आणि मोटार

शारजाच्या खाडीत पूर्वीपासून लाकडी गलबते आहेत. अशी गलबते बांधण्यासाठी भारताच्या मलबार किनाऱ्यावरून सागाचे लाकूड जात असे. गंमत अशी, की गलबत बांधण्याची जुनी पद्धत मोटारीच्या अगदी उलट आहे. मोटारीत आधी सांगाडा आणि मग पत्रा. गलबतात मात्र आधी बाहेरच्या फळ्या जोडीत आणत आणि मग आतून फासळ्या बसवीत. दोन्ही कामे सुताराचीच, पण रीत वेगळी.

मुलांनो, संग्रहालयात मोटार पाहताना आपण तिचा रंग पाहतो. लाकूड कोणालाच दिसत नाही. तरीही कारागीर ते मन लावून घडवतो. जे दिसत नाही, तेच सारा भार उचलते, हे त्याला ठाऊक असते. पुढच्या वेळी एखादी जुनी गाडी, जुने दार किंवा जुनी पेटी मोडकळीस आलेली दिसली, तर ती लगेच फेकू नका. तिचा आकार, तिची मापे वहीत उतरवून घ्या. ती कशी बनवली होती, हे तीच तुम्हांला शिकवील.

स्वाध्याय

१. घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिरांकडे मोटारीचे कोणते काम आले?
२. कुजलेले लाकूड फेकून का देत नाहीत?
३. बाकदार तुकडा सरळ फळीतून कापला, तर काय होते?
४. मोटार आणि गलबत बांधण्याच्या पद्धतींत कोणता फरक आहे?

उपक्रम : दोरीने तुमच्या वर्गातील फळ्याचे किंवा खिडकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आहेत का, ते वहीत लिहा.